काचेचं कॅबिनेट घ्या, पण मागची बाजू आधी बघा

बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात एका ठराविक वस्तूची विचारणा वाढते. मुलगा किंवा मुलगी मोबाइलमधला फोटो पुढे धरते. समोरून आणि बाजूने सलग काच, आत रांगेने बसवलेले पंखे, प्रत्येक पंख्यात रंग बदलणारे दिवे. मागे उभे असलेले आई-वडील फोटो बघतात, किंमत ऐकतात आणि मला विचारतात, "ताई, हे नुसतं दिखाव्यासाठीच ना?" मुलांना वाटतं मी त्यांची बाजू घ्यावी, पालकांना वाटतं त्यांची.

मी सोलापुरात संगणक जोडते, विकते आणि दुरुस्त करते. शोकेससारख्या काचेच्या कॅबिनेटला माझा विरोध नाही. या धंद्याचं त्याने भलंच केलं आहे असं मी मानते. पण ते निवडताना बहुतेक जण काचेतून जेवढं दिसतं तेवढंच बघतात. संगणक किती वर्षं टिकणार हे मात्र काच जे दाखवत नाही त्यावर ठरतं. म्हणून निवडीचा क्रम बदला, असं माझं सांगणं आहे. आधी न दिसणाऱ्या वस्तू पक्क्या करा, मग हवेची वाट बघा, आणि काच आणि दिवे त्यानंतर.

भलं कसं केलं ते आधी सांगते. माझे वडील नवी पेठेत रेडिओ आणि पुढे टीव्ही दुरुस्त करायचे. सेट उघडला की ते गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत बोलावून जळालेला भाग दाखवायचे आणि काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचे. मी संगणकाच्या कामात आले तेव्हा हा रिवाज या बाजारात नव्हता. बदामी रंगाचा पत्र्याचा डबा असायचा, मागच्या स्क्रूवर वॉरंटीचं लेबल असायचं, आणि ते फाटलं तर वॉरंटी गेली अशी ताकीद मिळायची. त्या डब्यांत काय काय खपवलं जात होतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या संगणकातून काढलेली रॅम, जुनी हार्ड डिस्क, रबर बँडने गुंडाळलेल्या वायरी. पैसे नव्या मालाचे घेतले जात आणि गिऱ्हाइकाला आत काय आहे ते कधीच कळत नसे.

काच आली आणि हे झाकून ठेवणं अवघड झालं. रॅमच्या पट्ट्या किती, ग्राफिक्स कार्डावर नाव कुणाचं, एखादा पंखा बंद पडलाय का, धूळ कुठे साचली, हे सगळं आता घरातल्या कुणालाही दिसतं. वायर कशी ओढली हे रोज दिसणार असेल तर ती ओढणारा हातही काळजी घेतो. आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं काम काचेच्या कॅबिनेटवर देते ते याच कारणाने. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरातली लहान मुलं त्या काचेसमोर उभी राहून विचारतात, हा चौकोन कसला, ही नळी कुठे जाते. पत्र्याच्या डब्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता काच काय लपवते ते बघू. सध्या ज्याला सगळे फिश टँक कॅबिनेट म्हणतात, त्या घडणीला लोकप्रिय केलं ते तैवानच्या लिआन ली कंपनीच्या पीसी-ओ ११ डायनॅमिक या कॅबिनेटने. ते २०१८ साली आलं आणि जर्मनीचे रोमन हार्टुंग, जे ‘डेरबाउअर’ या नावाने ओळखले जातात, त्यांच्या सहभागातून घडलं होतं. त्यातली मुख्य युक्ती अशी की कॅबिनेटचे दोन कप्पे केले. पुढच्या कप्प्यात मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि पंखे. मागच्या कप्प्यात एसएमपीएस, ड्राइव्ह आणि वायरींचा सगळा पसारा. पुढचा कप्पा त्यामुळे मोकळा आणि देखणा झाला. २०२२ साली हाइट कंपनीच्या वाय ६०ने कोपराही काचेचा केला, आणि आज तीन-चार हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढपर्यंत याच घडणीची कॅबिनेटं मिळतात. रचना म्हणून ती उत्तम आहे. मात्र संगणकातल्या प्रत्येक भागाला वीज पुरवणारा एसएमपीएस तिने काचेमागून काढून पत्र्यामागे नेला. जो भाग बिघडला तर बाकीचे भाग सोबत घेऊन जाऊ शकतो, नेमका तोच कुणाला दिसत नाही.

हिशेब कुठे चुकतो ते एका उदाहरणावरून सांगते. समजा विद्यार्थ्याचं बजेट ७० हजार आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड मुलाने आधीच ठरवलेलं असतं, त्यात तो पैसा सोडत नाही. मग सात पंख्यांचं, दिव्यांचं कॅबिनेट आवडतं आणि बजेट ओलांडलं जातं. कात्री कशाला लागते? एसएमपीएसला, कारण तो दिसणार नाही. चार-पाच हजारांचा चांगला एसएमपीएस यादीतून जातो आणि हजार-बाराशेचा येतो. दोन्हींच्या खोक्यांवर वॅटचा आकडा मोठाच छापलेला असतो.

तो मोठा आकडा सोडा आणि बाजूचं लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या मार्गाने घेतात. तिथे १६ अँपिअर असतील तर गुणाकार १९२ वॅट होतो, खोक्यावर ४५० छापलेलं असलं तरी. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे ५४० वॅट असतो. आरटीएक्स ४०६० हे कार्ड एकटंच ११५ वॅट घेतं, ४०७० हे २०० वॅट, आणि सर्वांत वरचं ५०९० तब्बल ५७५ वॅट. हा गुणाकार सहावीतल्या मुलालाही येतो. पालकांनी तो दुकानात उभं राहून मुलांबरोबर करावा.

एसएमपीएसनंतर हवा. इथे सोलापूरचा उन्हाळा मध्ये येतो. मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पंख्याखालच्या खोलीतही ३७-३८ अंश असतात. संगणक जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता बनून कॅबिनेटमध्ये सुटते. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याचा संगणक रेंडर करताना सहज ४०० वॅट घेतो. ही उष्णता बाहेर नेताना आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंश जास्त राहावी असं वाटत असेल, तर दर सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. वाट अडली आणि हवा निम्मीच गेली तर फरक २० अंशांचा होतो. खोलीत ३८ असतील तर आत ५८. प्रोसेसर आणि कार्डाला थंड करणारे पंखे हीच तापलेली हवा त्यांच्यावर मारत राहतात.

हल्लीचे प्रोसेसर तापले की लगेच जळत नाहीत. साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास त्यांची मर्यादा आली की ते आपला वेग आपणच कमी करतात. म्हणून बिघाड लक्षात येत नाही, काम मात्र रेंगाळतं. पंढरपूरहून एक व्हिडिओ संपादक ऐन लग्नसराईत संगणक घेऊन आले होते. डिसेंबरमध्ये तासाभरात होणारं रेंडर एप्रिलमध्ये दीड तासाच्या पुढे जात होतं. त्यांना वाटत होतं प्रोसेसर जुना झाला, नवा घ्यावा लागणार. त्यांच्या कॅबिनेटला समोर सलग काच होती आणि तिच्या कडेला बोटभर फट, हवा आत यायला तेवढीच वाट. समोरची काच काढून तेच रेंडर पुन्हा लावलं, आणि वेळ पूर्ववत झाला. समोर जाळी असलेलं कॅबिनेट घेऊन ते त्याच प्रोसेसरवर काम करत आहेत. ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता. जड काम चालू ठेवून तापमानाची नोंद करा, मग काच काढून पुन्हा करा. आकडा बराच उतरला तर दोष प्रोसेसरचा नाही, कॅबिनेटचा आहे.

याचा अर्थ काच म्हणजे गरमी असा नाही. दोन कप्प्यांच्या चांगल्या कॅबिनेटमध्ये हवा खालून आणि बाजूच्या पंख्यांतून आत येते, वरून आणि मागून बाहेर जाते. पुढची काच बंद असली तरी चालतं. मात्र खालची वाट खरोखर मोकळी हवी. पाय उंच हवेत, तळाला काढून धुता येणारी जाळी हवी, आणि कॅबिनेट टेबलावर हवं. सतरंजीवर ठेवलं की खालची वाट बंदच होते.

पंख्यांच्या दिशेबाबत एक चूक मी वारंवार बघते. नेहमीच्या पंख्याची देखणी बाजू ही हवा आत ओढणारी बाजू असते; हवा बाहेर टाकणाऱ्या बाजूला मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात. बाजूचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे म्हणून लावले की काचेतून या दांड्या दिसतात. त्या दिसू नयेत म्हणून काही जण पंखे उलटे बसवतात. मग आत हवा घेणारं कुणी उरतच नाही, सगळेच पंखे हवा बाहेर फेकायला लागतात, आणि जिथे जिथे फट आहे तिथून, जाळी चुकवून, धूळ आत ओढली जाते. यावर उपाय आहे. उलट्या पात्यांचे पंखे मिळतात, त्यांची देखणी बाजू आतल्या बाजूला ठेवूनही ते हवा आत घेतात. ते थोडे महाग असतात. दुकानदाराला सरळ विचारा: कोणता पंखा हवा आत घेतो, कोणता बाहेर टाकतो? प्रत्येक पंख्यापुढे कागदाचा तुकडा धरून त्याने ते दाखवलं पाहिजे.

स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे सहा-सात पंखे पुष्कळदा मदरबोर्डला न जोडता थेट एसएमपीएसच्या मोलेक्स वायरीला जोडायचे असतात. असे पंखे कायम एकाच वेगाने फिरतात. प्रोसेसर शांत असला तरी त्यांचा आवाज तोच, आणि तापला तरी वेग तोच. सात मुक्या पंख्यांपेक्षा मदरबोर्डच्या आज्ञेत चालणारे तीन पंखे मी केव्हाही पसंत करेन.

धुळीबद्दल सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि शहरातल्या पेठांत यंत्रमाग चालतात, चादरी आणि टॉवेल निघतात, आणि त्यांच्या सुताचे बारीक तंतू हवेत असतात. कारखान्याच्या कचेरीतला संगणक उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखाली या तंतूंची पांढरी गादी बसलेली सापडते. अशा ठिकाणी काचेचं कॅबिनेट मी देत नाही, गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी समजावून परत पाठवते. तिथे जाळी सहज निघेल आणि शिपायालाही ती धुता येईल असं साधं कॅबिनेट हवं. शाळेची प्रयोगशाळा, झेरॉक्सचं दुकान, फ्लेक्सची छपाई, टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेला हिशेबाचा संगणक, या सगळ्यांना काच नको. जिथे कुणी बघणार नाही आणि कुणी पुसणार नाही, तिथे काचेचे पैसे एसएमपीएसमध्ये किंवा यूपीएसमध्ये घाला. घरात घेणाऱ्यांनीही हे ठरवून घ्यावं की महिन्यातून एकदा जाळ्या धुतल्या जातील आणि त्या कोण धुणार. ज्याचा संगणक त्यानेच धुवायच्या.

दिव्यांकडे येते. त्यांच्या विजेची चिंता पालकांना फार असते, ती फारशी खरी नाही. रंग बदलणारा एक छोटा एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ५ व्होल्टवर ०.३ वॅट. आठ-आठ एलईडींचे सात पंखे धरले तरी बेरीज १७ वॅटच्या आत राहते. घराच्या वीजबिलात हे फार नाही. मदरबोर्डला मात्र ते जड होऊ शकतं, कारण त्यावरची दिव्यांची जोडणी साधारणपणे ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटपर्यंतच पेलते. सगळे पंखे एकाला एक जोडून त्या एका जागी खोचणं म्हणूनच बरं नाही. एसएमपीएसमधून स्वतंत्र वीज घेणारा हब लावावा.

त्याहून मोठा धोका जोडणीत आहे. जुन्या पद्धतीचे आरजीबी दिवे १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना चार पिना असतात. प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देणारे, ज्यांना एआरजीबी म्हणतात, ते ५ व्होल्टचे असतात आणि त्यांना तीन पिना असतात. दोन्ही प्लग दिसायला जवळजवळ सारखे. ५ व्होल्टचा प्लग जोर लावून १२ व्होल्टवर बसवला की दिवे तिथेच जळतात. घरी जोडणाऱ्या मुलांनी प्लग लावण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेतलं पान उघडून व्होल्टचा आकडा वाचावा. जोर लावावा लागतोय म्हणजे जागा चुकली आहे.

दिव्यांचा खरा त्रास मी ऐकते तो एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांकडून. जुळे सोलापुरातल्या एका आईने मला सांगितलं की मुलगा संगणक बंद करून झोपतो, तरी खोलीत रात्रभर निळा-जांभळा उजेड फिरत असतो. त्यांना वाटलं संगणक बंदच होत नाही. कारण साधं होतं. संगणक बंद केला तरी एसएमपीएस थोडी वीज चालू ठेवतो, आणि बऱ्याच मदरबोर्डांवर दिवे त्या विजेवर जळत राहतात. बायोसमध्ये हे बंद करण्याची सोय असते. मशीन देतानाच ती सेटिंग करून द्यायला दुकानदाराला मिनिटभर लागतं. रंग बदलण्यासाठी प्रत्येक कंपनी आपापलं सॉफ्टवेअर देते, आणि तीन कंपन्यांचे भाग असले की तीन सॉफ्टवेअर सतत चालू राहून संगणकाला जड करतात. विंडोज ११मध्ये २०२३पासून दिव्यांचं नियंत्रण आत आलं आहे; शक्य तिथे तेच वापरा. तरुण गिऱ्हाइकांना मी सुचवते की एक स्थिर रंग ठरवा आणि उजेड कमी ठेवा. अभ्यासाच्या टेबलाशेजारी सतत पळणारे रंग डोळ्यांना आणि लक्षाला त्रास देतात.

काचेविषयी थोडं. ही काच कडक केलेली असते. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा बळकट असते आणि फुटली तर लांब सुऱ्या न होता बारीक खडे होतात. पण तिच्या कडा नाजूक असतात. संगणक साफ करायला काच काढली आणि फरशीच्या टाइलवर उभी टेकवली की त्या कडेचा लहानसा टवका उडतो आणि क्षणात पूर्ण काच चुरा होते, कारण टाइल काचेपेक्षा कठीण असते. काच नेहमी गादीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर आडवी ठेवा. अशी काच एकदा घडवली की कापता येत नाही, त्यामुळे गावातला काचवाला साधा तुकडा कापून देतो तशी ती मिळत नाही. नव्याने मापाप्रमाणे कापून, भोकं पाडून, मग कडक करून घ्यावी लागते. म्हणून घेण्याआधी विचारा की या कॅबिनेटची सुटी काच मिळते का आणि कितीला. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडताना पहिल्या कापापासून व्हिडिओ घ्या.

आणि अर्थिंग. काचेचं कॅबिनेट म्हणजे शॉक नाही, असा समज अनेकांचा आहे. सांगाडा पत्र्याचाच असतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेला वायरच नसते. मग एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून गळणारी थोडी वीज सांगाड्यावर येऊन थांबते आणि हात लागला की मुंग्या येतात. ती अंगावर येते तशी यूएसबीत खोचलेल्या वस्तूंवरही येते. ७० हजारांचा संगणक घेणाऱ्याने आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. तो खर्च सात पंख्यांतल्या एखाद्या-दुसऱ्या पंख्याएवढा असेल.

एवढं सगळं वाचून एखादा बाप म्हणेल, मग साधा डबाच बरा. मी तसं म्हणत नाही. जी वस्तू तुमचा मुलगा किंवा मुलगी रोज कित्येक तास वापरणार आहे ती त्यांना सुंदर हवी असेल, तर ती इच्छा रास्त आहे. बार्शीची एक मुलगी गेल्या वर्षी वडिलांबरोबर आली होती. तिला अॅनिमेशन शिकायचं होतं. मी तिला कॅबिनेटचा मागचा कप्पा उघडून दाखवला, लेबलावरचा गुणाकार करून दाखवला. तिने स्वतःहून सात पंख्यांऐवजी तीन घेतले, कॅबिनेट एक पायरी स्वस्त घेतलं आणि वाचलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस घेतला. काच ठेवली, दिव्यांची एक पट्टी ठेवली. वडिलांनी तिचा हिशेब ऐकून काही न बोलता पैसे दिले. मुलांना माहिती दिली की ती शहाण्यासारखी निवड करतात, त्यांना ‘कशाला ही थेरं’ म्हणून गप्प बसवलं की ती फोटो बघून निवड करतात.

शेवटचं सांगणं माझ्याच व्यवसायबंधूंना आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असो की तालुक्याच्या गावात, बिलावर ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एकच ओळ लिहिणं आपण बंद केलं पाहिजे. एसएमपीएसची स्वतंत्र ओळ हवी, तिच्यात कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. सगळी झाकणं आणि काचा बंद करून अर्धा तास जड काम चालवून तापमानाचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवला पाहिजे, आणि तो बिलाच्या मागे लिहून दिला पाहिजे. मी हे करते. त्याने वेळ जातो, पण उन्हाळ्यात परत येणारी मशीनं कमी होतात आणि गिऱ्हाईक धाकट्या भावंडासाठी पुन्हा आपल्याकडेच येतं.

गिऱ्हाइकांनीही हे हक्काने मागावं. पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडायला सांगा, एसएमपीएसचं लेबल स्वतः वाचा, मग पुढची काच कितीही वेळ न्याहाळा. आणि जो दुकानदार मागचं झाकण उघडायला नकार देईल, त्याच्याकडून काचेचंच काय, कसलंही कॅबिनेट घेऊ नका.